नितळ पाणी आणि नायट्रोजनचा हिशेब
(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

शिरूर अनंतपाळमध्ये समुद्र ! वाचून हसू आले ना ? आमच्या घरीही सगळे हसलेच. आमच्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशेच्या आसपास किलोमीटर. आमच्याकडे पाणी म्हणजे घरणी, मांजरा आणि बोअर. पण माझ्या धाकट्या बहिणीने (इयत्ता आठवी) 'फाइंडिंग निमो' पाहिला आणि तो केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा आपल्या घरी पाहिजे म्हणून हट्ट धरला. मीही इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. म्हटले, त्यात काय अवघड आहे?

साठ लिटरची काचेची टाकी आणली, फिल्टर आणला, तयार सागरी मीठ आणले. रविवारी पाणी भरले. सोमवारी पाणी इतके नितळ दिसत होते की पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत होते. मंगळवारी दोन मासे सोडले. शुक्रवारी ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागले आणि शनिवारी मी हॉस्टेलवरून घरी पोचेपर्यंत दोन्ही गेले होते. बहीण माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. "पाणी तर स्वच्छ होतं रे दादा," एवढेच म्हणाली.

मित्रहो, हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. पाणी स्वच्छ होते, पण मासे मेले. का ?

टाकी म्हणजे छोटा एसटीपी

उत्तर मला पर्यावरण अभियांत्रिकीच्या तासाला मिळाले. सर सांडपाणी प्रक्रियेतले नायट्रिफिकेशन शिकवत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची टाकी आली.

मासा अमोनिया बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनिया येतो. त्याला ना रंग, ना गढूळपणा. पाण्यात तो दोन रूपांत असतो : अमोनियम आयन, जो त्या मानाने निरुपद्रवी, आणि मुक्त अमोनिया, जो विषारी. किती भाग कोणत्या रूपात हे पीएचवर ठरते. पीएच ७ असताना शंभरातला जेमतेम अर्धा भाग मुक्त असतो; समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, तिथे हाच वाटा पाच-सहा भागांवर जातो. म्हणजे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा खाऱ्या टाकीत दहापट घातक ! लिटरला एक मिलिग्रॅम एकूण अमोनिया असला तरी माशाला त्रास व्हायला पुरतो.

समुद्रात आणि जुन्या टाकीत हा अमोनिया साठत नाही, कारण त्याला खाणारे जिवाणू तिथे असतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सहन करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते वाळूवर आणि फिल्टरच्या माध्यमावर वसेपर्यंत थांबणे, यालाच 'टाकी सायकल करणे' म्हणतात. (आजोबांनी विचारले, "टाकीची सायकल ? तिला चाकं कुठायत ?")

हे जिवाणूंचे काम आहे हे कळले कसे ? १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवले. सुमारे वीस दिवस काहीच फरक नाही. मग अचानक अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की प्रक्रिया बंद ! नुसती रासायनिक क्रिया असती तर वीस दिवस थांबली नसती आणि क्लोरोफॉर्मने मेली नसती. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. आपल्या पुस्तकात दुसऱ्या टप्प्यासाठी नायट्रोबॅक्टर हे नाव असते; १९९८ मध्ये मत्स्यालयांच्या अभ्यासातून दिसले की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात. असो. परीक्षेत काय लिहायचे ते सरांना विचारा !

मुद्दा एवढाच की ते वीस दिवस कुणालाच चुकत नाहीत. मी टाकीला दोन दिवस दिले होते.

समुद्र तयार करणे

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले ते मरीन ड्राइव्हवर, समोर अरबी समुद्र. आपल्याला समुद्र पिशवीतून आणावा लागतो. नुसते खायचे मीठ चालत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम क्लोराइड मुख्य, पण शिवाय मॅग्नेशियम सुमारे १२८० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४१०, पोटॅशियम ३९० असे बरेच काही असते. साठ लिटरला तयार मिश्रण दोन किलोच्या वर लागते.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. आपल्या भागात साखर कारखान्याची माणसे उसाचा ब्रिक्स ज्या नळीतून बघतात तिचाच हा भाऊ. तत्त्व तेच, फक्त पट्टी वेगळी. लक्षात ठेवायचे ते हे की पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून रोज कमी झालेले पाणी गोड्या पाण्याने भरायचे, खाऱ्याने नाही.

दुसऱ्या वेळी मी साठ लिटर पाणी बोअरचे घेतले, फडक्याने गाळून. घरी पिण्यासाठी आरओचा जार येतो, पण एकदम तीन जार कोण देणार ? रोज वरून घालायचे लिटरभर पाणी मात्र जारचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मासा नाही, नवसागर !

सायकल करताना जिवाणूंना अमोनिया हवा. काही लोक त्यासाठी एखादा 'दणकट' मासा सोडतात. एकदा दोन जीव घालवल्यावर मला ते करायचे नव्हते. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, हेच काम करतो. कल्हईवाला भांड्यावर टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच. पण बाजारातल्या नवसागरात धातूंची भेसळ असू शकते, म्हणून मी लॅबच्या मामांना विनंती करून शुद्ध अमोनियम क्लोराइड मिळवले.

हिशेब सोपा आहे. रेणुभार ५३.५, त्यात नायट्रोजन १४. लिटरला २ मिलिग्रॅम नायट्रोजन हवा तर ७.६४ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड. साठ लिटरला सुमारे ४६० मिलिग्रॅम. ९.२ ग्रॅम दोनशे मिलिलिटर पाण्यात विरघळवले की दहा मिलिलिटरचा एक डोस झाला.

पहिला डोस टाकून बहिणीने किटने तपासले तर रंग २ आणि ४ च्या मध्ये ! तिचा लगेच फोन : "दादा, तू जास्त टाकलंस." जास्त नव्हते. आमचे किट अमोनियम आयनात आकडा देत होते, मी हिशेब नायट्रोजनमध्ये केला होता. नायट्रोजनच्या आकड्याला १.२९ ने गुणले की अमोनियम, ३.२९ ने गुणले की नायट्राइट आणि ४.४३ ने गुणले की नायट्रेट. किटच्या पत्रकावर कोणते एकक आहे हे न वाचता आकडे ताडून पाहिले तर सगळेच चुकते.

तपासणीत कुठे फसतो ?

अमोनिया : आपल्या लॅबमध्ये नेस्लरचा अभिकर्मक असतो. मी त्यात टाकीचे पाणी घातले आणि नळी गढूळ झाली. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यात साका धरतात; शिवाय नेस्लरमध्ये पारा असतो, तो घरी नकोच. खाऱ्या पाण्याला सॅलिसिलेट पद्धतीचे किट घ्यावे, रंग पिवळ्याकडून हिरव्याकडे जातो. खाऱ्या पाण्याची रंगपट्टी वेगळी असेल तर तीच वापरावी.

नायट्राइट : गुलाबी रंग. ही पद्धत ग्रीस यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिघींत सर्वांत भरवशाची आहे.

नायट्रेट : ही सर्वांत लबाड. किटमधली जस्ताची पूड आधी नायट्रेटचे नायट्राइट करते आणि मग तोच गुलाबी रंग दिसतो. म्हणून पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर नायट्रेट खोटे जास्त दिसते. सायकलच्या मधल्या काळात या आकड्याला अर्थ नाही. तसेच पूड तळाशी बसते, बाटली जोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो.

क्लोरीन : पाणी नळाचे असेल आणि त्यात टीसीएल पडली असेल तर क्लोरीन या जिवाणूंनाही मारते. गावात जलसुरक्षक करतात ती ओटी टेस्ट आपणही करावी. थोडे सोडियम थायोसल्फेट (फोटोवाल्यांचा हायपो) क्लोरीन घालवते.

क्षारकता : एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रिफिकेशनला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ७.१४ मिलिग्रॅम क्षारकता (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) लागते. समुद्राच्या पाण्यात क्षारकता साधारण ११५. तीन डोस, म्हणजे सहा मिलिग्रॅम नायट्रोजन, त्यातली ४३ खाऊन टाकतात ! पीएच उतरत गेला की जिवाणू मंदावतात आणि आपल्याला वाटते किट बिघडले.

वहीतून

आठवडाभर मी लातूरला हॉस्टेलवर, त्यामुळे नोंदी बहिणीच्या. रोज संध्याकाळी पाच वाजता, खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर नळी धरून.

दिवस १ ते ९ : अमोनिया तसाच. नायट्राइट शून्य. ("दादा, काहीच होत नाहीये.")
दिवस १३ : अमोनिया निम्मा. नायट्राइटची पहिली गुलाबी छटा.
दिवस १७ : अमोनिया शून्य, नायट्राइट गडद जांभळट. दुसरा डोस.
दिवस २४ : सकाळपासून वीज नाही. फिल्टर बंद म्हणजे जिवाणूंचा ऑक्सिजन बंद. तिने दर अर्ध्या तासाला तांब्याने पाणी उचलून उंचावरून ओतले, रात्री वीज येईपर्यंत !
दिवस २९ : अमोनिया एका दिवसात संपतो, पण नायट्राइट हलत नाही. काचेवर तपकिरी थर. हे डायटम शैवाल. बेसॉल्टमधून येणाऱ्या आपल्या बोअरच्या पाण्यात सिलिका भरपूर, ती त्याला आवडते.
दिवस ३४ : नायट्राइट उतरायला लागले.
दिवस ३८ : दोन्ही शून्य. तिसरा डोस.
दिवस ३९ : चोवीस तासांत पुन्हा दोन्ही शून्य. टाकी तयार !

कसोटी हीच : पूर्ण डोस टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. नुसते एकदा शून्य दिसले म्हणून भागत नाही. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड माशाच्या कल्ल्यांत नायट्राइटला शिरू देत नाही, त्यामुळे सागरी माशांना ते गोड्या पाण्यातल्या माशांइतके बाधत नाही. तरी ते दिसते आहे म्हणजे काम अर्धवट आहे.

हिशेब जुळेना

नायट्राइट शून्य झाले, म्हणजे आता नायट्रेटचा आकडा खरा. त्या शनिवारी मी घरी होतो. आम्ही तपासले तर रंग पट्टीच्या बाहेर. पाणी बॅटरीच्या पाण्याने (डिस्टिल्ड वॉटर) पाचपट पातळ केले, तेव्हा वीस आले. म्हणजे मूळ शंभर.

आता हिशेब करा. तीन डोस, प्रत्येकी २ मिलिग्रॅम नायट्रोजन. एकूण ६. गुणिले ४.४३, म्हणजे नायट्रेट फार तर २६.६ मिलिग्रॅम प्रतिलिटर. आणि टाकीत शंभर ! वस्तुमान अक्षय्यतेचा नियम तर मोडत नाही. मग उरलेले त्र्याहत्तर आले कुठून ?

किटवर शंका घेतली. बॅटरीचे पाणी तपासले : शून्य. सोमवारी लॅबमध्ये पोटॅशियम नायट्रेट ८१.५ मिलिग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवून ५० चे प्रमाण द्रावण केले आणि किट लावले : पन्नासच्या जवळ. किट ठीक होते. फोनवर बहीणच म्हणाली, "बोअरचंच पाणी बघू का ?" तिने पाहिले. पट्टीवर चाळीस आणि ऐंशीच्या मध्ये. जारच्या पाण्यात मात्र पाचच्या आसपास.

आमचा बोअर अंगणात आहे, त्याच्या एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षांचा उकिरडा. शेण-मुताचा अमोनिया जमिनीतले तेच जिवाणू नायट्रेट करतात आणि पावसाबरोबर ते खाली जाते. जे टाकीत एकोणचाळीस दिवसांत घडले ते आमच्या अंगणाखाली कितीतरी वर्षे चालू होते.

इथपर्यंत ही गंमत होती. मग मला आठवले. ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ तीन महिन्यांचे. अंगावरचे दूध पुरत नाही म्हणून वरून पावडरचे दूध चालू होते आणि ते कालवायला जारचे पाणी 'थंड पडतं' म्हणून आई मुद्दाम बोअरचे पाणी चांगले खळखळून उकळून वापरत होती.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. (नायट्रोजनच्या १० ला ४.४३ ने गुणा, हा आकडा कुठून आला ते समजेल.) लहान बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे ठेवत नाही, आणि बाळ निळे पडू लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना धोका सर्वांत जास्त. विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात कॉम्ली या डॉक्टरांनी प्रथम मांडला. आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते, म्हणून उलट वाढते!

मी त्याच रात्री घरी फोन केला. आईला पटायला वेळ लागला. "माशाच्या औषधानं माणसाचं पाणी तपासतात का ?" हा तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. माशांचे किट हा पुरावा नव्हे, इशारा. म्हणून दुसऱ्या दिवसापासून बाळाला जारचे पाणी उकळून सुरू केले, बाळाला डॉक्टरांना दाखवले (बाळ ठणठणीत !) आणि बोअरचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिला. अहवाल आला : नायट्रेट ६८. टाकीतले त्र्याहत्तर आणि बोअरचे अडुसष्ट; रंग डोळ्यांनी जुळवणाऱ्या किटच्या मानाने हिशेब जुळला.

हे फक्त आमच्या अंगणाचे नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर आढळले आहे. आपल्या वर्गातल्या किती जणांच्या घरचा बोअर गोठ्याशेजारी आहे, विचारून बघा.

ज्यांना टाकी करायची आहे त्यांच्यासाठी

१) मीठ टाकण्याआधी मूळ पाणी तपासा : क्लोरीन, अमोनिया, नायट्रेट. हा 'शून्य दिवस' मी विसरलो होतो. टीडीएस पेन एवढेच सांगतो की क्षार किती. कोणते, ते सांगत नाही.
२) पहिले दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट एक दिवसाआड पुरे. क्षारता रोज, पीएच व क्षारकता आठवड्याला. नायट्रेट फक्त शेवटी.
३) नळी टाकीच्याच पाण्याने विसळा, थेंबाची बाटली उभी धरा, वेळ घड्याळावर मोजा, किटची मुदत बघा.
४) शंका आली तर कोरे पाणी आणि माहीत असलेले द्रावण तपासा. किटलाही परीक्षा द्यावी लागते.
५) समुद्रातले प्रवाळ किंवा त्याचे दगड आणू नका, प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सिरॅमिकचे माध्यम पुरते. मासेही टाकीत पैदास केलेलेच घ्या. निमोच्या जातीच्या माशांची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केली आहे.
६) बदललेले खारे पाणी शेतात किंवा झाडाला ओतू नका. वीस लिटरमध्ये सातशे ग्रॅम क्षार असतात.

शेवटी

टाकी आम्ही पुन्हा भरली, या वेळी जारच्या पाण्याने. फिल्टरचे माध्यम तोवर जुन्याच खाऱ्या पाण्यात बुडवून, हवा सोडत ठेवले होते, त्यामुळे जिवाणू वाचले. आधी एक मासा सोडला, दोन आठवड्यांनी दुसरा. दोघे मजेत आहेत.

उकिरडा शेताच्या कडेला हलवला आहे. पण जमिनीत उतरलेले नायट्रेट एका पावसाळ्यात जाणार नाही, म्हणून बोअरचे पाणी आता फक्त धुण्या-भांड्याला. बहिणीच्या वहीत टाकीच्या रकान्यांशेजारी 'बोअर' नावाचा एक रकाना वाढला आहे. शेजारच्या दोन घरांनीही बाटलीतून पाणी आणून दिले.

आजीचा मात्र सुरुवातीपासून विरोध होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते दिवस ती विसरलेली नाही. "प्यायला पाणी न्हाई अन् तुमी काचंत कोंडून ठिवता," असे ती रोज म्हणायची. परवा मी घरी गेलो तर ती टाकीसमोर बसली होती, मांडीवर बाळ. म्हणाली, "आरं, हिला सांग, आज पाणी तपासायचं ऱ्हायलंय."